सेकंडहँड गिटारच्या पोटातला कुबट वास कसा घालवायचा?

वळीव:
नमस्कार मंडळी. लेकीला गिटार शिकायचीय म्हणून ओळखीतल्या एका काकांकडून जुनी अकूस्टिक घेतली, यामाहाची एफ ३१०, सोबत काळी हार्ड केस. गिटार तशी छान आहे, नेक सरळ आहे, ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) कुठे उचललेला नाही, क्लासच्या सरांनी वाजवून बघितली आणि घ्या म्हणाले. अडचण एकच, केस उघडली की असा भपकारा येतो की विचारू नका. सिगरेटचा जुना वास आणि त्यात पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा कुबटपणा, दोन्ही एकत्र. काका तळमजल्यावर राहतात, घरात वर्षानुवर्षं सिगरेट ओढली गेलीय आणि गिटार बरीच वर्षं पलंगाखाली होती. लेक वाजवायला बसली की तिचं नाक बरोब्बर गिटारच्या गोल भोकावर, म्हणजे साऊंडहोलवर येतं आणि शिंका सुरू होतात, तिला धुळीची अ‍ॅलर्जी आहेच. घरात प्रत्येकाचा वेगळा सल्ला, सासूबाई म्हणतात धूप दाखव, नवरा म्हणतो डांबराच्या गोळ्या टाक, शेजारच्या वहिनी म्हणाल्या आत बॉडी स्प्रे मार. मी अजून कशालाच हात लावलेला नाही, आधी इथे विचारते. आम्ही डोंबिवलीत राहतो, पाऊस तोंडावर आलाय, त्यामुळे जरा घाई आहे.

सहातारा:
ताई, काही केलं नाहीत ते उत्तम. पहिलं काम म्हणजे वास नक्की कुणाचा आहे ते शोधा, गिटारचा की केसचा. माझा अनुभव असा की दहातल्या बऱ्याच वेळा खरा गुन्हेगार केसच असते. आतलं मखमली अस्तर, त्याखालचा फोम, तो चिकटवलेला गोंद, हे सगळं वास धरून ठेवतं आणि गिटार कितीही साफ केली तरी परत केसमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी तोच वास. तर गिटार बाहेर काढा, केस दुसऱ्या खोलीत न्या, शक्यतो बाल्कनीत. मग एक स्वच्छ कापसाचा बोळा दोऱ्याला बांधून साऊंडहोलमधून आत सोडा, रात्रभर राहू द्या, दुसरा तसाच बोळा बंद केसमध्ये ठेवा. सकाळी दोन्ही बोळे घराबाहेर, मोकळ्या हवेत जाऊन हुंगा. घरातल्या घरात हुंगू नका, कारण आपलं नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावतं आणि मग काहीच कळत नाही. ज्याने वाद्य विकलं त्याला घरात वास येत नसतो तो ह्याचमुळे, तो खोटं बोलत नसतो.

वळीव:
हे भारी आहे, आज रात्रीच करते. काकांना खरंच वास येत नव्हता, मला वाटलं टाळतायत.

कानस_पटाशी:
कोल्हापुरात वाद्यदुरुस्तीचं काम करतो, जास्त करून गिटार, अधूनमधून तंबोरे सतारी. सहाताराच्या मुद्द्याला पूर्ण सहमती, आता गिटारच्या आतलं सांगतो. गिटार बाहेरून पॉलिश केलेली असते, तुमच्या मॉडेलला तर प्लॅस्टिकसारखं जाड कडक पॉलिश आहे, त्यात वास मुरत नाही, ओलसर फडक्याने पुसलं की झालं. पण आतून लाकूड कोरंच असतं, आतून कुणी पॉलिश मारत नाही. वरच्या पाटीखालच्या पट्ट्या ज्याला ब्रेसिंग म्हणतात, कडेला आतून फिरवलेली खाचांची पट्टी, मागच्या पाटीचा सांधा, हे सगळं कोरं लाकूड आणि ते दमट हवा पिऊन सादळतं आणि हवेबरोबर आलेला धूरही पितं. वर अनेक वर्षांची धूळ आत पडून राहते आणि बुरशीला ती धूळच खायला लागते. म्हणून आधी धूळ.

तारा सैल करा, सगळ्या थोड्या थोड्या करून, एकदम एक बाजू सोडू नका, मग काढून टाका, जुन्या गंजक्या तारा तशाही फेकायच्याच आहेत. मग मूठ दोन मूठ कोरडे कच्चे तांदूळ साऊंडहोलमधून आत टाका, गिटार आडवी धरून हलक्या हाताने सगळीकडे फिरवा, तांदूळ कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन धूळ सोडवतात, आणि गिटार उलटी करून ओता. काळेमिट्ट तांदूळ बाहेर येतील. व्हायोलिनवाल्यांची ही जुनी पद्धत आहे. त्यानंतर व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रशचं तोंड लावून आत फिरवा. हे सगळं गच्चीत किंवा बाल्कनीत करा, तोंडाला एन ९५ मास्क लावून, आणि मुलीला अ‍ॅलर्जी आहे तर ती त्यावेळी आसपास नको. बुरशीची भुकटी उडते.

मग मोबाईलचा टॉर्च लावून आत छोटा आरसा सरकवा, नाहीतर तारा काढल्यावर मोबाईलच आत घालून व्हिडिओ काढा. पांढरट किंवा हिरवट काळे ठिपके, कापसासारखे, दिसले तर बुरशी. फोटो इथे टाका, मग पुढचं बघू.

पाणी आत अजिबात घालायचं नाही. आणि उन्हात गिटार ठेवायची नाही, हे दहा वेळा सांगतो. कडक उन्हात बंद गाडीत किंवा पत्र्यावर तापमान ६० अंशांपर्यंत सहज जातं आणि तिथे सरस मऊ पडायला लागतो, ब्रिज उचलतो, पाटी फुगते. दर एप्रिल मे महिन्यात माझ्याकडे अशा गिटारी येतात. केस मात्र बिनधास्त उन्हात उघडी टाका, जेवढं ऊन मिळेल तेवढं.

पायपेटी:
आमच्या रत्नागिरीकडे पावसाळ्यात सगळ्याच वाद्यांना वास येतो हो. घरच्या पेटीच्या भात्याला दरवर्षी कुबट वास यायचा, आजोबा पेटीच्या खोक्यात वेखंडाचे तुकडे आणि कापूर फडक्यात बांधून ठेवायचे, पुस्तकांच्या कपाटातही तेच. कसर लागली नाही कधी. गिटारला पण चालेल असं वाटतं. धूपाला पण माझा विरोध नाही, देवघरातल्या पेटीला रोज धूप मिळायचा आणि छान वास यायचा.

बुन्सेन_बर्नर:
पायपेटी, वेखंडाला माझीही हरकत नाही, ते किडीसाठी आहे आणि ते काम ते करतं, वासावरचा तो उपाय नाही एवढंच. बाकीच्यांबद्दल मात्र सविस्तर लिहिते, रसायनशास्त्र शिकवते आणि हा विषय मला खरंच महत्त्वाचा वाटतो कारण आपण वासावर दुसरा वास घालतो आणि त्यालाच सफाई म्हणतो.

सिगरेटचा वास म्हणजे नुसती हवा नसते. धुरातलं निकोटीन आणि डांबरी चिकट पदार्थ लाकडावर, कापडावर बसतात आणि महिनोन्महिने हळूहळू परत हवेत येत राहतात, दमट हवेत जास्तच जाणवतात. धूप, उदबत्ती, लोबान यांचा धूर पण तसाच बारीक कणांचा आणि चिकट असतो, तो त्याच कोऱ्या लाकडावर जाऊन बसणार. म्हणजे धुराच्या थरावर धुराचा आणखी एक थर. देवघरात ठीक, गिटारच्या पोटात नको.

डांबराच्या गोळ्या तर नकोच नको. ते नॅफ्थलीन असतं, त्याची वाफ लाकडात आणि अस्तरात शिरते आणि मग तो वास काढणं सिगरेटपेक्षा कठीण. शिवाय मूल तोंडाशी घेऊन वाजवणार आहे. ज्यांना जी६पीडी ह्या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या, विशेषतः तान्ह्या बाळांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात, गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे असं झाल्याची उदाहरणं वैद्यकीय पुस्तकांत आहेत. घरात बाळ असेल तर कपाटातूनसुद्धा ह्या गोळ्या काढा.

कापूर, तर सेल्युलॉइड (नायट्रोसेल्युलोजपासूनचं जुनं प्लॅस्टिक) बनवतानाच कापूर घालतात, म्हणजे त्या पदार्थाशी तो मिसळतो. जुन्या गिटारींना नायट्रोसेल्युलोज लॅकरचं (थोडक्यात नायट्रो) पॉलिश असतं, त्याच्याजवळ मी तरी कापूर ठेवणार नाही. बॉडी स्प्रेमध्ये अल्कोहोल आणि सुगंधी तेल असतं, अल्कोहोल उडून जातं, तेल लाकडात मुरतं, मग कुबट अधिक मोगरा.

वापरायचं ते अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा. माशांच्या टँकचं सामान विकणाऱ्या दुकानात फिल्टरसाठी पाकिटात मिळतो. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या छिद्रांचं क्षेत्रफळ ५०० चौरस मीटरच्याही वर असतं, त्यावर वासाचे रेणू चिकटून बसतात. शेगडीचा साधा कोळसा पण थोडं काम करतो पण बराच कमी. जुन्या सुती मोज्यात भरून, तोंड बांधून, एक मोजा साऊंडहोलमधून आत (दोरा बाहेर ठेवा म्हणजे ओढून काढता येईल), दुसरा बाहेर, आणि सगळी गिटार मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंद करा. पिशवी महत्त्वाची, नाहीतर कोळसा तुमच्या हॉलचीच हवा साफ करत बसेल. आठवडाभर ठेवा, मग कोळसा बदला.

खायचा सोडा आंबूस, आम्लधर्मी वासांवर चांगला, सिगरेटवर बेताचा. तो केसच्या अस्तरावर भुरभुरा, रात्रभर ठेवा, व्हॅक्यूमने ओढून घ्या. गिटारच्या आत मात्र सुटा सोडा टाकू नका, सांध्यात जाऊन बसतो आणि निघत नाही. सिलिका जेल वास ओढत नाही, ओल ओढतं, ते वेगळं काम आहे, पण बुरशीसाठी तेही लागेल.

सहातारा:
हा प्रतिसाद वाचनखुणांत साठवतोय. कॉफी पावडरचं काय? यूट्यूबवर सगळे सांगतात.

बुन्सेन_बर्नर:
थोडाफार वास ओढते पण स्वतःचा मागे ठेवते, आणि आपल्या हवेत कॉफी दोन दिवसांत ओली होऊन तिलाच बुरशी येते. नको.

वळीव:
अपडेट देते. कापसाची चाचणी केली. केसमधला बोळा, देवा, नाकाजवळ धरवत नव्हता. गिटारमधला पण वास होता पण त्याच्या निम्म्यानेही नाही. तांदूळवाला उपाय पण केला, केवढी ती धूळ, सोबत एक तुटकं प्लेक्ट्रम, एक बस तिकीट आणि झुरळाची अंडी निघाली. आत मागच्या पाटीवर खालच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत पांढरट ठिपके आहेत. फोटो टाकलाय. बाकी लाकूड स्वच्छ दिसतंय.

कानस_पटाशी:
फोटो बघितला. वरवरची बुरशी आहे, लाकूड काळं पडलेलं नाही, चिंता नाही. मेडिकलमध्ये ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं ते आणा. मऊ सुती फडकं त्यात बुडवून चांगलं पिळा, ठिबकायला नको, तारेच्या हँगरला गुंडाळून किंवा हात जातो तिथपर्यंत हाताने, ठिपके पुसून घ्या, फडक्याची घडी प्रत्येक वेळी बदला म्हणजे तीच बुरशी दुसरीकडे फासली जाणार नाही. नंतर दुसऱ्या कोऱ्या फडक्याने पुन्हा. पंख्याखाली सावलीत दिवसभर वाळू द्या. आतलं लेबल सांभाळा, त्याला अल्कोहोल लागलं तर शाई पसरते आणि पुढे कधी विकायची झाली तर मॉडेलचा पुरावा जातो. हे करताना जवळ गॅस, दिवा काही नको, अल्कोहोल पेट घेतं.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, हे फक्त आतल्या कोऱ्या लाकडावर. बाहेरच्या पॉलिशला अल्कोहोल लावायचं तर आधी पॉलिश कुठलं ते माहीत पाहिजे. मिरजेचे तंबोरे सतारी, जुन्या हाताने बनवलेल्या क्लासिकल गिटारी, ह्यांच्यावर चपडी लाखेचं पॉलिश असतं, लाख स्पिरिटमध्येच विरघळवून ते बनवतात, त्यामुळे स्पिरिटचा बोळा फिरवलात की चमक बोळ्यावर येते. जुन्या नायट्रोलाही स्पिरिटने इजा होते. माझ्याकडे एकांनी वडिलांचा तंबोरा आणला होता, वास येतो म्हणून घरच्यांनी सॅनिटायझरने पुसलेला, भोपळ्यावरचं पॉलिश सगळं पांढरं पडलेलं, पूर्ण नव्याने करावं लागलं.

फिंगरबोर्डही (तारा दाबायची लाकडी पट्टी) बघा. तो रोजवुडचा कोरा असतो, त्यावर बोटांचा घाम आणि मळ फ्रेटच्या (आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) कडेला साचतो, त्याचाही वास येतो आणि लोक विसरतात. जुना मऊ टूथब्रश, जरासं लायटरमध्ये भरायचं पेट्रोल, फ्रेटच्या बाजूने घासा, पुसा, मग लेमन ऑइलचे दोन थेंब, जास्त नको. खोबरेल आणि गोडेतेल लावू नका, खवट होतं.

मांडवीकाठ:
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे घरटी एक गिटार आणि समुद्राची हवा, त्यामुळे हा विषय रोजचा. बुरशी पुसली तरी परत येणार जर हवा तशीच राहिली. एक डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) घ्या, फार महाग नसतो, केसमध्ये किंवा कपाटात ठेवा. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते, गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवतं. जुलैत आमच्याकडे खिडकी उघडी असताना ९० च्या आसपास आकडा बघितलाय. त्यामुळे पावसाळ्यात "हवा लागू दे" म्हणून गिटार खिडकीशी ठेवणं उलट काम करतं.

जुन्या घरांत कपाटात २५ वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, कॅमेऱ्याच्या लेन्स, चामड्याचे बूट, सगळं त्यात. त्या उबेमुळे कपाटातली आर्द्रता खाली येते. आता लोक तिथे एलईडी लावतात आणि विचारतात फरक का पडत नाही, अहो उष्णता तारेच्या बल्बची होती. अर्थात कपड्याजवळ, लाकडाजवळ बल्ब नको, आगीचा धोका आहे, मी स्वतः आता सिलिका जेलवर आलोय. ते अर्धा किलो किलोच्या पाकिटात घ्या, रंग बदलणारं घ्या म्हणजे ओलं झालेलं कळतं, आणि ओव्हनमध्ये १२० अंशावर तापवून परत वापरा. खाण्याची भांडी त्यासाठी वापरू नका.

हडसनपार:
न्यू जर्सीहून. इथे सेकंडहँड दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गिटारी कुणाच्या तरी बेसमेंटमधून आलेल्या असतात, वास अगदी हाच. उन्हाळ्यात डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) ५० टक्क्यांवर लावून ठेवते. पण मराठी मंडळी इथे आणखी एक गोष्ट विसरतात, हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घर एकदम कोरडं पडतं, ३० टक्क्यांच्या खाली, तेव्हा सिलिका आत ठेवलेली गिटार तडकते. पुण्यामुंबईहून आणलेल्या वाद्यांचं तर हमखास, दमट हवेत फुगलेलं लाकूड इथे आकसतं. ऑक्टोबरमध्ये सिलिका काढायचं आणि आत ओलावा देणारा ह्युमिडिफायर घालायचा.

आणि ओझोन मशीन कुणी सुचवलं तर घेऊ नका. इथे गाड्यांचा सिगरेटचा वास घालवायला वापरतात. ओझोन फुप्फुसाला वाईट आणि रबर, प्लॅस्टिक खराब करतो, घरात दम्याचं कुणी असेल तर विचारही नको.

माळ्यावरचा_खजिना:
धागा वाचून धीर आला म्हणून विचारतो. गावच्या घराच्या माळ्यावर मामाची जुनी कलकत्त्याची गिटार सापडली, आत उंदराने घरटं केलेलं. कागद, कापूस, लेंड्या आणि तो उग्र दर्प. मामा आता नाही, त्यामुळे टाकवत नाही. ही वाचेल का?

कानस_पटाशी:
वाचेल भाऊ, पण हाताने घाई करू नका. रबरी हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावा, आणि कोरडी झटकू नका, लेंड्यांची भुकटी श्वासात जाते. लेप्टो उंदराच्या मुतातून पसरतो हे सगळ्यांना माहीतच आहे, हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. घरट्यावर आधी अल्कोहोल हलकं फवारून ओलसर करा, मग चिमट्याने उचलून पिशवीत, पिशवी बांधून बाहेर. मग व्हॅक्यूम.

मुताचा डाग लाकडात खोल जातो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजरकुत्र्याच्या मुतासाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते पिळलेल्या फडक्यावर घेऊन फक्त डागावर, थोडं थोडं, मधे पूर्ण वाळू देत. उंदराने कुठे ब्रेसिंग कुरतडलंय का तेही बघा, तसं असेल तर तारा चढवायच्या आधी कारागिराला दाखवा, ताणाने पाटी बसू शकते.

एवढं करूनही दर्प राहिलाच तर शेवटचा उपाय, आतून पातळ लाखेचा एक हात. डाग असलेल्या जागी ब्रशने, स्पिरिटमध्ये पातळ केलेली लाख, तो वास लाकडातच कोंडला जातो. जुन्या फर्निचरला हेच करतात. पण पूर्ण वाळलेल्या, बुरशी काढलेल्या लाकडावरच, ओलीवर मारली तर आतल्या आत सडेल. आवाज बदलतो का असं विचारतात, पातळ एका हाताने मला तरी कधी जाणवलेला नाही, पण सगळ्या पाटीवर जाड थर कुणी चढवू नये. वरच्या पाटीच्या आतल्या बाजूला तर मी लावतच नाही, आवाज तिथून येतो.

माळ्यावरचा_खजिना:
मनापासून आभार. मामा त्यावर गणपतीत वाजवायचा. एक प्रश्न, पिकगार्ड (साऊंडहोलशेजारची प्लॅस्टिकची पाटी) पिवळा पडून वाकडा झालाय आणि त्यालाच वेगळा आंबट वास येतोय, तोही उंदराचाच का?

बुन्सेन_बर्नर:
नाही, तो बहुतेक प्लॅस्टिकचाच. जुनं सेल्युलॉइड किंवा अ‍ॅसिटेट वय झालं की विघटित होतं आणि आम्लाची वाफ सोडतं, अ‍ॅसिटेटला सरळ व्हिनेगरचा वास येतो, जुन्या सिनेमाच्या रिळांना येतो तोच. साफ करून जाणार नाही, कारागिराकडून काढून नवीन बसवा. त्या वाफेने जवळचे स्क्रू, तारा, चाव्या गंजतात, त्यामुळे बंद केसमध्ये ठेवू नका. सेल्युलॉइड असेल तर झपाट्याने पेटतं, देव्हारा आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

पायपेटी:
बुन्सेनताई, तुमचं वाचून आमच्या पेटीच्या खोक्यातला कापूर काढला, वेखंड ठेवलंय. तुम्ही म्हणता तसा कोळशाचा मोजा पण ठेवला. भात्याचा वास कमी झालाय खरा, पण भात्याच्या घड्यांतलं चामडं जुनं आहे, त्याला थोडा वास राहणारच ना?

बुन्सेन_बर्नर:
चामड्याचा स्वतःचा वास राहील, तो राहू दे, तो कुबट नाही. घडीत पांढरी बुरशी दिसली तर मात्र भाता बदलायला द्या, पुसून चामड्याचं जास्त नुकसान होतं.

वळीव:
सगळ्यांना मोठं थँक्यू. अल्कोहोलने ठिपके पुसले, दोन वेळा कोळसा बदलून पिशवीत ठेवली, आता साऊंडहोलशी नाक लावलं तर फक्त लाकडाचा वास येतो, अगदी खोल हुंगलं तर कुठेतरी सिगरेट जाणवते. लेक काल तासभर वाजवत होती, एकही शिंक नाही. केसला सोडा, ऊन सगळं केलं पण अस्तर खालून उचकटलं तर फोम काळा, म्हणून ती काढून टाकतेय आणि पॅडवाली कापडी बॅग घेतेय. सासूबाईंना बुन्सेनताईंचा धुराचा मुद्दा वाचून दाखवला, त्यांना पटला. आता शेवटचं, पावसाळ्यात ठेवू कुठे? स्टँडवर की बॅगेत? आमच्या हॉलची एक भिंत दरवर्षी ओल धरते.

मांडवीकाठ:
त्या भिंतीपासून जेवढं लांब तेवढं. बाहेरच्या भिंतीला कधीच टांगू नका, घराच्या आतली भिंत बघा, बाथरूमची पण नको. रोज वाजवणार असेल तर स्टँडवर, हात लागत राहिला की धूळही बसत नाही.

कानस_पटाशी:
सहमत. तुमच्या गिटारला स्टँडचं रबर चालेल, नायट्रोवाल्या गिटारींना मात्र रबराचा डाग पडतो, त्यांनी सुती फडकं गुंडाळा. गावाला जाणार असाल तेव्हा बॅगेत सिलिकाच्या दोन पुड्या आणि आत कोळशाचा मोजा, तारा अर्धा सूर उतरवून. आणि नव्या तारा अजून घातल्या नसाल तर लाइट गेज (पातळ) घ्या, मुलीची बोटं अजून कोवळी आहेत.

वळीव:
घातल्या, ११ गेजच्या. सरांनीच सांगितल्या होत्या. हायग्रोमीटर उद्या येतोय, आकडा इथे टाकते.